तुरळक ठिकाणी

हवामानाचा अंदाज सुरू झाला की मी उठून गॅलरीत जातो. बायकोला वाटतं, मला त्याचा कंटाळा आहे. अंदाज चुकतो म्हणून सगळं जग हसतं, त्यातलाच मीही एक, असा तिचा समज आहे आणि मी तो मोडलेला नाही. खरं तर माझं भांडण उलटं आहे. एकदा तो अंदाज अक्षरशः खरा निघाला होता, आणि त्या दुपारी तो नीट ऐकूनही मी ऐकलाच नाही असं वागलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर होतो. राहायला नाशिकरोडला आणि नोकरीला निफाडच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधोमध. ऑपरेटर म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. एक खोली, खोलीत लोखंडी पॅनल, पॅनलवर पाच हँडलं. एकेक हँडल म्हणजे आजूबाजूच्या पाच-सात गावांना जाणारी एकेक लाइन. दर तासाला काटे बघून आकडे लिहायचे, लाइन बंद पडली की पुन्हा सुरू करायची, आणि फोन घ्यायचा. फोन घेणं हे मुख्य काम. गच्चीवर चढलं की स्वच्छ दिवशी लांबवर एकलहऱ्याच्या चिमण्या दिसत. वीज तिकडे तयार व्हायची आणि शिव्या आमच्याकडे.

खिडकीत माझा रेडिओ असे. ड्यूटीवर रेडिओ चालत नाही, असा नियम होता. पण एकट्या माणसानं आठ तास ट्रान्सफॉर्मरची गुणगुण ऐकत काढायचे, तर पाचव्या तासाला तो स्वतःशी बोलायला लागतो. म्हणून साहेब लोक रेडिओकडे बघून न बघितल्यासारखं करत. गाण्यांशिवाय त्याचा आणखी एक उपयोग होता. लांब कुठे वीज कडाडली की इथे रेडिओत खरखर होते. आभाळ निरभ्र असलं तरी होते. जुने ऑपरेटर त्या खरखरीवरून वादळ किती लांब आहे ते सांगत. मलाही ते बऱ्यापैकी जमायला लागलं होतं, आणि त्याची मला घमेंड होती.

त्या वर्षीचा मे भयंकर होता. दुपारी यार्डातल्या खडीवर चप्पल टेकवत नसे. ट्रान्सफॉर्मर तापू नये म्हणून त्याला ऑफिसनं एक मोठा उभा पंखा दिला होता. मला दिला नव्हता. मी ओला टॉवेल खांद्यावर टाकून बसायचो आणि त्या पंख्याकडे बघायचो.

आता मामाबद्दल सांगतो. मामा आमचा लाइनमन. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, काटक, कमी बोलणारा. त्याला सगळे मामा म्हणत, त्याच्याहून वयानं मोठे होते तेसुद्धा. खांबावर चढायचं तर आधी ती लाइन बंद आहे, याची ऑपरेटरकडून लेखी हमी घ्यायची असते. तिला आम्ही परमिट म्हणायचो. परमिट ज्यानं घेतलं त्यानंच ते परत करायचं, त्याची सही झाल्यावरच हँडल फिरवायचं. बंद हँडलवर ‘माणसे काम करीत आहेत’ असा लाल बोर्ड अडकवायचा असतो. मामाचा त्या बोर्डावर विश्वास नव्हता. तो डोक्याचा पांढरा पंचा सोडायचा, हँडलला दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारायचा आणि मगच बाहेर पडायचा.

“बोर्ड कुनाचाबी आसतो,” तो म्हणायचा. “पंचा माझाच हाय.”

ती गाठ दुसऱ्या कुणी सोडायची नाही, असा आमच्यातला अलिखित कायदा होता. नव्या ऑपरेटरला रुजू झाल्या दिवशी आधी हे सांगितलं जाई, मग संडास कुठे आहे ते.

मामाचा दुसरा कायदा आभाळाचा होता. तरुणपणी त्याच्या डोळ्यांदेखत एक सोबती खांबावर असताना लांब कुठेतरी वीज पडली. लाइन बंद होती, परमिट घेतलेलं होतं, सगळं नियमानं झालं होतं. तरी आभाळातली वीज तारेतून धावत आली आणि तो माणूस पट्ट्याला लटकून राहिला. तेव्हापासून आभाळात जरा गुरगुर असली तरी मामा खांबाला हात लावत नसे. मग जिल्ह्याचा साहेब येऊन उभा राहिला तरी नाही.

त्या दिवशी माझी ड्यूटी सकाळी आठ ते चार होती. आलो तेव्हाच एक लाइन बंद होती. आदल्या संध्याकाळी ती दुरुस्त झाली होती आणि पहाटे पुन्हा गेली होती. मामा उजाडल्यापासून सायकलवर खांब न् खांब बघत फिरत होता. त्याचा मदतनीस भाचीच्या लग्नाला गेलेला. इकडे माझा फोन थांबायला तयार नव्हता. पाणीपुरवठ्याची टाकी रिकामी. बर्फाचा कारखाना बंद. एका लग्नघरातून तर थेट नवरदेवाच्या बापानं फोन केला आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. सर्वांत जास्त फोन होते एका पोल्ट्रीवाल्याचे. पंखे आणि पाण्याचे फवारे बंद पडले की अशा उन्हात कोंबड्या पटापट मरतात. त्याचा जनरेटर सकाळी दोन तास चालून बसला होता. दर अर्ध्या तासानं तो विचारायचा, “किती वेळ?” आणि दर अर्ध्या तासानं मी म्हणायचो, “शोधताहेत.”

दुपारी प्रादेशिक बातम्या लागल्या. त्यांच्या शेवटी हवामान. उत्तर महाराष्ट्रात उष्णतेची लाट कायम राहणार, असं बाईंनी सांगितलं. मग त्याच सपाट आवाजात पुढचं वाक्य आलं. नाशिक जिल्ह्यात तुरळक ठिकाणी दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह वादळी वारे, गारा. मी डबा उघडत होतो. मला प्रत्येक शब्द ऐकू आला.

डबा संपत आला होता तेवढ्यात मामा आत आला. चेहरा तांब्यासारखा झालेला, ओठ फुटलेले. त्यानं माठातलं पाणी दोन तांबे प्यायलं, तिसरा मानेवर ओतला.

“घावला,” तो म्हणाला. “वढ्यापल्याडच्या डबल पोलावं जंपर तुटलाय. अर्ध्या तासाचं काम हाय. परमिट द्या भाऊसाहेब.”

जंपर म्हणजे खांबावर दोन तारांना जोडणारा आखूड तारेचा तुकडा. मी परमिटचं पुस्तक ओढलं, तारीख-वेळ लिहिली. मामा दारात उभा राहून आभाळाकडे बघत होता. आभाळ निळंही नव्हतं, उन्हानं पांढरं पडलं होतं. त्यात ढगाचं नाव नव्हतं.

“रेडिओ काय म्हंतोय आभाळाचं?” त्यानं विचारलं.

मी मान वर केली नाही. “काय म्हणणार? ऊन. उद्याही ऊनच.”

आता मी कितीही सारवासारव केली तरी ते खोटंच होतं. आणि ते माझ्या तोंडातून चुकून निसटलं नव्हतं. त्या दोन क्षणांत माझा सगळा हिशोब झाला होता. वादळ म्हटलं की मामा सायकल भिंतीला लावणार. लाइन उद्यावर जाणार. फोन रात्रीपर्यंत वाजणार. शिवाय ‘तुरळक ठिकाणी’ हे शब्द मी अकरा उन्हाळे ऐकत आलो होतो. तुरळक ठिकाणी म्हणजे दुसरीकडे कुठेतरी. सटाण्याकडे, नांदगावकडे. आमच्याकडे नाही. शेजारच्या घरात चोरी झाली की आपण दार नीट लावतो आणि आपल्याकडे काही होणार नाही म्हणून झोपतो, तसंच ते.

मी हँडल फिरवलं, यार्डात जाऊन खटका ओढून लाइन तोडली, जमिनीला जोडली. मामानं पंचा सोडला.

“मामा, आजच्या दिवस पंचा राहू द्या डोक्याला. ऊन बघा. बोर्ड लावतो ना मी.”

“नाय,” तो म्हणाला. गाठ ओढून बघितली, सही केली, आणि उघड्या डोक्यानं सायकलवर टांग मारून गेला. पावणेदोन वाजले होते.

सव्वादोनला मी फोनवाल्यांना सांगायला लागलो, आता येईल. अडीचला सांगितलं, आता येईलच. तीनला माझा मलाच प्रश्न पडला. अर्ध्या तासाचं काम, जायला वीस मिनिटं, यायला वीस. मामा कधी उशीर करत नसे.

आणि तेवढ्यात रेडिओ खरखरला.

मी गाणं बंद केलं नाही, आवाज कमी केला आणि ऐकत राहिलो. पुन्हा खरखर. मोजायला लागलो. आधी दोन-तीन मिनिटांनी एक. मग मिनिटाला एक. बाहेर आलो तर वारा साफ पडला होता. द्राक्षबागेचं पानही हलत नव्हतं. चांदवडच्या डोंगरांच्या अंगाला आभाळाचा खालचा काठ काळा झाला होता, आणि तो काठ जागेवर नव्हता.

माझी पाचावर धारण बसली. मामा चार किलोमीटरवर, खांबावर, एकटा. त्या काळी मोबाइल फक्त वरच्या साहेबांकडे. ऑपरेटरनं खोली सोडायची नाही. बाकीच्या चार लाइनी सुरू होत्या, त्यातली एखादी कुठे तुटून रस्त्यावर पडली आणि बंद करायला इथे कुणी नसलं तर आणखी कुणीतरी मरणार. ऑफिसला फोन लावला, तो लागेना. मी खोलीत गेलो, बाहेर आलो, पुन्हा खोलीत गेलो. पॅनलवर तो पांढरा पंचा बांधलेला होता. त्याच्याकडे बघवेना.

मोटारसायकल फाटकातून आत आली ती थेट दारापर्यंत. पोल्ट्रीवाला. त्याला मी आवाजावरून ओळखत होतो, बघितलं पहिल्यांदाच. चाळिशीचा माणूस, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. त्यानं पिशवीतून एक मेलेली कोंबडी काढली आणि माझ्या रजिस्टरवर टाकली. तिची मान टेबलाच्या कडेवरून खाली लोंबली.

“ही एक दाखवायला आनलीय,” तो म्हणाला. “बाकीच्या बघायच्या आसतील तर चला.”

“दादा, ऐका...”

“सकाळपासनं ऐकतोयच! फिरवा ते हँडल.”

तो पॅनलकडे निघाला. मी मध्ये उभा राहिलो. मी काही धट्टाकट्टा माणूस नाही. पण त्याला पंचा दिसला आणि तो थबकला. गावाकडच्या लोकांना मामाचा पंचा माहीत होता.

“मामा खांबावर आहे,” मी म्हणालो. “ओढ्यापलीकडच्या डबल पोलवर. आणि तिकडे बघा, वादळ येतंय. तुम्ही जा आणि त्याला खाली उतरवा.”

“मी? त्याला उतरवू? काम तसंच टाकून? मग माझ्या कोंबड्या?”

तेव्हा मी हुशारी केली. आयुष्यात माझ्या हुशारीनं माझं कधी भलं झालेलं नाही. मी म्हणालो, “तो उतरल्याशिवाय लाइन सुटणार नाही. तुम्ही त्याला जितक्या लवकर उतरवाल तितक्या लवकर तुमचे पंखे फिरतील.” त्यानं माझ्याकडे बघितलं, काळ्या आभाळाकडे बघितलं आणि मोटारसायकलला किक मारली. वादळाचं मी अंदाजात ऐकलं होतं, हे त्याला सांगितलं नाही.

कोंबडी तशीच रजिस्टरवर होती. मी तिला उचलून दाराबाहेर ठेवली. ती अजून गरम होती.

पंचवीस मिनिटं गेली. रेडिओत आता गाणं उरलंच नव्हतं, नुसती खरखर. बाहेर उजेड पिवळा पडला. मग एकदम वारा उठला आणि यार्डातली धूळ खोलीभर झाली. त्याच वेळी फोन वाजला.

“भाऊसाहेब, मी बोलतोय, पोल्ट्रीवाला. दूध डेअरीवरनं. मामा उतारला. काम झालंय. लाइन सोडा म्हंतोय.”

माझ्या छातीवरचा दगड उतरला. “त्याला द्या फोन.”

“तो तिकडंच हाय. चक्कर आल्यागत करतोय, उन्हानं. बसलाय. सोडा लौकर, तो म्हनलाय सोडा म्हनून.”

“तुम्ही बघितलं त्याला खाली?”

तो चिडला. “हो म्हंतोय ना! आता काय लिहून देऊ?”

मी फोन ठेवला नाही. रिसीव्हर टेबलावर ठेवून पॅनलपाशी गेलो. माणूस खोटं बोलत होता असं मला तेव्हा वाटलं नाही. मामा उतरला असेल तर लाइन सोडायला हरकत नव्हती. उलट सोडली तर हा सगळा दिवस मिटत होता. कुणी कधी विचारणार नव्हतं, की रेडिओवर काय सांगितलं होतं. माझा हात पंच्याच्या गाठीवर गेला. मामाची गाठ. ती सोडायला नखं लागतात. मी एक टोक ओढलं, ते हललं नाही. दुसरं ओढलं. आणि मला रडू फुटलं. खरंच फुटलं, मोठ्यानं, एकटाच होतो म्हणून. दुपारी त्याला फसवून उन्हात पाठवलं, आता त्याची गाठही सोडू? मी हात मागे घेतला. फोन उचलून म्हणालो, “मामा इथे येऊन सही करेल तेव्हाच.” पलीकडून जी शिवी आली ती अर्धीच आली, कारण फोन मेला.

मग गारा सुरू झाल्या. पत्र्यावर गारा पडायला लागल्या की माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. चारही लाइनी एकामागून एक बंद पडल्या. एक वीज इतक्या जवळ पडली की यार्डातला आभाळातली वीज अडवणारा चिनीमातीचा अरेस्टर फुटून त्याचे तुकडे दारापर्यंत आले. मी टेबलाला धरून उभा होतो आणि प्रत्येक कडकडाटाला मोठ्यानं म्हणत होतो, उतरला आहे, तो उतरला आहे. पोल्ट्रीवाल्याच्या शब्दावर लाइन सोडायला माझा विश्वास नव्हता, पण आता त्याच शब्दाला मी घट्ट धरून होतो.

वादळ अर्ध्या तासात निघून गेलं. चारला येणारा माझा बदली ऑपरेटर आला नव्हता. पाचच्या सुमाराला फाटकाशी टेंपो थांबला. कोंबड्या वाहून नेणारा, जाळीचा. पोल्ट्रीवाला चालवत होता. मागे रिकाम्या पिंजऱ्यांच्या मध्ये पोत्यांवर मामा आडवा होता. तो ओला होता आणि त्याच्या सगळ्या अंगाला पांढरी पिसं चिकटली होती. उजवा पाय भलत्याच बाजूला वळलेला. डोळे उघडे होते.

“लाइन सोडली नाय ना?” त्यानं विचारलं.

“नाही.”

“बरं केलं,” तो म्हणाला आणि डोळे मिटले. त्याला नाशिकला नेलं.

झालं होतं ते असं. उघड्या डोक्यानं त्या उन्हात खांबावर चढल्यावर मामाला गरगरायला लागलं. अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागला, पट्ट्याला टेकून मधेमधे तो नुसताच थांबत होता. पोल्ट्रीवाल्यानं खालून हाका मारल्या. त्या ग्लानीतच मामा म्हणाला, झालंच, तार जमिनीला जोडणारी अर्थिंगची साखळी काढलीय, शेवटचा पिळा राहिलाय, जा सांग लाइन सोड म्हणून. पोल्ट्रीवाल्याला वाटलं, आपण डेअरीपर्यंत पोचेपर्यंत हा उतरेलच. त्यानं फोन केला तेव्हा मामाचे दोन्ही हात तारेवर होते. मग वारा आला. मामा अर्ध्यावर उतरला असताना पलीकडच्या खांबाजवळ वीज पडली. तिनं त्याला फेकून दिलं. मांडीचं हाड मोडलं आणि उजव्या कानाचं ऐकणं कायमचं गेलं. पोल्ट्रीवाला परत त्याच्याकडे गेला, त्याला बघितलं आणि कोंबड्या सोडून टेंपो घेऊन आला. निम्म्याहून जास्त पक्षी मेले त्याचे. त्यानं मला पुन्हा कधी शिवी दिली नाही.

चौकशी झाली. मदतनीस का नव्हता, परमिट केव्हा दिलं, वगैरे. एक प्रश्न होता, वादळाची पूर्वसूचना होती का. मी लिहून दिलं, कल्पना नव्हती. मामाच्या जबाबातही तेच होतं.

पुढे तर कहरच झाला. नुसत्या तोंडी निरोपावर लाइन न सोडता कर्मचाऱ्याचे प्राण वाचवले, म्हणून ऑफिसनं माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. पहिल्या रांगेत मामा कुबड्या मांडीवर घेऊन बसला होता आणि टाळ्या वाजवत होता. त्याच्या बायकोनं वाकून मला नमस्कार केला. मी पाय मागे घेतले, तर लोकांना वाटलं, केवढा विनय! त्या नारळाच्या वड्या घरच्यांनी खाल्ल्या. मी एकीलाही तोंड लावलं नाही.

मामाला नंतर ऑफिसात बसवलं, तक्रारी लिहून घ्यायला. एका कानावर तो फोन घ्यायचा. मी दर दिवाळीला फराळ घेऊन त्याच्याकडे जायचो. कानाच्या डॉक्टरकडे स्कूटरवरून न्यायचो, नातवाचे दाखले काढून द्यायचो. लोक म्हणायचे, मैत्री असावी तर अशी. त्यात मैत्री होती, नाही असं नाही. पण माझ्या प्रत्येक खेपेत थोडी लाचही होती, आणि ती कशासाठी ते मला एकट्याला माहीत होतं. सांगायचं म्हणून कितीदा गेलो आणि लाडू देऊन परत आलो.

अशी वर्षं गेली. शतक बदललं, मामा निवृत्त झाला. एका मे महिन्यात दुपारी मी त्याच्याकडे गेलो होतो. आता घरात टीव्ही आला होता. नकाशा होता, त्यावर ढग आणि विजेची चित्रं होती, पण शब्द तेच. उत्तर महाराष्ट्रात तुरळक ठिकाणी. मी नजर खाली घातली. मामानं टीव्हीचा आवाज घालवला.

“भाऊसाहेब, येक सांगायचं व्हतं. लय वरसं झाली.”

“बोला ना.”

“त्या दिशी मला ठावं व्हतं. फाट्यावरच्या टपरीवं रेडिओ लागला व्हता. वादळ यील, गारा पडतील, समदं ऐकूनच मी तुमच्याकडं आलो.”

मला आधी नीट कळलंच नाही. “मग मला कशाला विचारलंत? रेडिओ काय म्हणतो म्हणून?”

“तुमाला ठावं हाय का ते बघाया. तुमी ऐकलं आसतं तर परमिट दिलंच नसतं, कायद्याचं मानूस तुमी. तुमी म्हनला ऊन. म्या म्हनलं, बरं झालं, यांनी ऐकलं नाय.” तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. “आदल्या सांजंला तो जंपर मीच बांधला व्हता. अंधारून आलं, घाई केली. दुसऱ्या दिशी दुसरी गँग आली आसती, वर चढून म्हनली आसती, मामाच्या हातचं सुटलं. ते मला ऐकायचं नव्हतं. एवढ्यापायी पाय घालवला. आन् तुमाला चौकशीला उभं केलं.” त्यानं हात जोडले. “माफी करा.”

त्या क्षणी मला काय वाटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला आनंद झाला. इतक्या वर्षांचं ओझं खाड्कन उतरलं. तोही लपवत होता, मीही लपवत होतो. दोघांच्या पोटात एकच गोष्ट! मी चक्क हसलो. त्याचे जोडलेले हात धरले आणि म्हणालो, “अहो मामा, माफी कसली मागता? मीसुद्धा ऐकलं होतं! फिट्टंफाट!”

मी त्याच्या उजव्या बाजूला बसलो होतो. त्यानं मान वळवून डावा कान माझ्याकडे केला.

“काय म्हनला?”

मला ते पुन्हा सांगावं लागलं. दुसऱ्यांदा हसता आलं नाही. “मीही ऐकलं होतं, मामा. डबा खाताना. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं.”

त्यानं माझ्या हातांतून आपले हात काढून घेतले. रागानं नाही, हळूच. बराच वेळ तो मोडका पाय चोळत बसला. आतून भांड्यांचा आवाज येत होता, चहा टाकला असावा.

“मी लपवलं, ते माझ्या जिवावं,” तो म्हणाला. “तुमी लपवलं, तेबी माझ्याच जिवावं.”